सिलोसायबिन सत्र : मार्गदर्शकाने पाळायची रीत

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २०२० साली मतदारांनी कौल दिला आणि २०२३ मध्ये सिलोसायबिनची परवानाधारक केंद्रं सुरू झाली. भारतात हा पदार्थ एनडीपीएस कायद्याने बंद आहे. त्यामुळे ही रीत कायदा परवानगी देतो तिथल्यासाठीच. सिलोसायबिन असलेल्या मशरूमचा अंमल साधारण सहा तास राहतो आणि त्या वेळी माणूस समोरच्याच्या शब्दाने सहज वळतो. म्हणून मूळ नियम एकच : संमती शुद्धीत घ्यायची. सत्रात ती कमी होऊ शकते, वाढू शकत नाही.

१. आधी चौकशी करा. गेल्या ३० दिवसांत लिथियम घेतलंय का? कधी सायकोसिसवर उपचार झालेत का? ओरेगॉनमध्ये अशांना सत्र देत नाहीत. फी बुडाली तरी चालेल, ठाम नकार द्या.

२. तयारीची बैठक किमान २४ तास आधी घ्या. मळमळ, भीती, रडू, सगळं स्पष्ट सांगा. बरं होण्याची हमी देऊ नका.

३. स्पर्शाचं लेखी ठरवा. ओरेगॉनच्या नियमांत मिठी किंवा हात, खांदे, पावलांवर हात ठेवणं एवढंच बसतं, तेही आधी लिहून दिलं असेल तरच. एकेक गोष्ट वेगळी विचारा : "घाबरलात तर हात धरू? खांद्यावर हात चालेल?" "थांबा" म्हणायची खूण ठरवून एकदा करून बघा.

४. सत्राच्या दिवशी घरी कोण नेणार, हे आधी पक्कं करा. स्वतः कुठलीही नशा करून बसू नका.

५. सत्रात कमी बोला. कागदावर फक्त हात धरायचं ठरलंय आणि समोरची व्यक्ती मिठीसाठी झेपावली, तर म्हणा, "मी इथेच आहे. आपलं हात धरायचं ठरलंय. धरू का?" खूण दिसताच हात सोडा. डोळ्यांपुढे आलेल्या दृश्याचा अर्थ तुम्ही सांगू नका. तो तुमचा न राहता त्यांची आठवण होऊन बसतो.

६. छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा जिवाला धोका दिसला, तर लगेच अँब्युलन्स बोलवा. केंद्राच्या नावाची काळजी नंतर.

७. पुढच्या दिवसांत पुन्हा भेटा, ऐका. नोकरी सोडणं, घटस्फोट असे निर्णय लांबणीवर टाकायला सांगा. प्रेमसंबंध, उधारी, भागीदारी यांना कायमचा नकार.

८. बाहेरच्या माणसाची नजर ठेवा. व्हँकूव्हरमध्ये २०१५ साली एमडीएमए या दुसऱ्या अमली पदार्थाच्या चाचणीत खोलीत दोन थेरपिस्ट होते, पण ते नवरा-बायको. व्याकूळ झालेल्या सहभागी महिलेला त्यांनी दाबून धरल्याचं चित्रफितीत दिसतं. दुसरा माणूस नुसता हजर असून भागत नाही. पहिल्याला अडवण्याची त्याला मोकळीक हवी.

९. तक्रार कुठे करायची तो पत्ता आणि फोन नंबर पहिल्याच भेटीत लेखी द्या. तुमच्याविरुद्ध तक्रार कशी करायची, हे तुमच्याच तोंडून कळलं की समोरच्याला "नाही" म्हणायला बळ येतं.