साथीच्या काळात व्यवसाय चालू कसा ठेवावा?

प्रश्न : पंचवीस कामगारांच्या कारखान्याने महामारीसाठी सातत्य आराखडा करताना सुरुवात कोठून करावी?

उत्तर : व्यवसाय सातत्य व्यवस्थापन म्हणजे संकट ओढवले तरी अत्यावश्यक कामे किमान पातळीवर चालू राहतील, अशी आधीच करून ठेवलेली तजवीज होय, आयएसओ २२३०१ हे त्याचे आंतरराष्ट्रीय मानक असून त्याची सुधारित आवृत्ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. आगीत किंवा पुरात इमारत व यंत्रे निकामी होतात, महामारीत मात्र ती शाबूत राहून माणसेच कामावर येऊ शकत नाहीत, त्यामुळे केवळ पर्यायी जागा राखून ठेवणे पुरेसे ठरत नाही. २०२० च्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने अधिकारी, कर्मचारी व सेवा पुरवठादार मिळून सुमारे १५० जणांना कुटुंबांपासून दूर, विलगीकरणात ठेवून आपले कामकाज अहोरात्र चालू राखले, ते याच कारणाने.

कारखान्याने प्रथम परिणाम-विश्लेषण करावे, म्हणजे कोणते काम किती दिवस थांबल्यास नुकसान असह्य होईल, हे कामागणिक लिहून काढावे. सीएनसी यंत्र चालवणारा कारागीर एकच असेल, किंवा पगाराच्या खात्याचा ओटीपी एकाच मोबाइलवर येत असेल, तर आराखड्यातील खरे भगदाड तेथेच असते. अशा प्रत्येक कामासाठी दुसरी व्यक्ती तयार करावी, दोन पाळ्यांतील कामगार एकमेकांत मिसळू देऊ नयेत, कच्च्या मालाचा दुसरा पुरवठादार ठरवावा आणि काही महिन्यांच्या स्थिर खर्चाची रक्कम वेगळी ठेवावी. वर्षातून एकदा तरी सराव न झालेला आराखडा हा केवळ कागद असतो.