गॅस आला, चूल विझली का?



वस्तीभेटीत आम्हाला एक मावशी भेटल्या. वय पन्नाशीच्या आसपास. चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, दोन वर्षं खोकला हटत नाही. औषधाच्या बाटल्या पिऊन झाल्या. एका दवाखान्यात त्यांना सांगितलं, "वय झालं आता." आम्ही आमचा कागद काढला आणि ठरलेले प्रश्न विचारले. बिडी ओढता? नाही. घरात कुणी ओढतं? नाही. मिसरी? लावत होते, सोडली. थुंकी तपासली? तपासली, टीबी निघाला नाही. आमचे प्रश्न संपले. तेव्हा दारात उभी असलेली त्यांची सून म्हणाली, "पहाटे उठून सगळ्यांचं आंघोळीचं पाणी त्याच तापवतात. चुलीवर. लग्न होऊन आल्यापासून."

चुलीचा प्रश्न आमच्या कागदावर नव्हताच. नर्सिंगचं शिक्षण घेऊन, इतकी वर्षं रुग्णांत काढून आम्ही तो विचारला नव्हता. पुढे मावशींची फुंकून करायची तपासणी झाली. निदान निघालं सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणं. त्या घरात गॅस होता. स्वयंपाक गॅसवर, पाणी चुलीवर.

आपल्या बहुतेक घरांत हेच चित्र आहे. म्हणून या वेळच्या पाठात चुलीच्या धुरावर जगभर झालेलं संशोधन समजून घेऊ. यात इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत, पैशांचा हिशेब मांडणारे आहेत आणि कायदाही आहे.

धुरात काय असतं?

लाकूड, शेणी, उसाचं पाचट पूर्ण जळलं तर फारसा धूर होत नाही. चुलीत ते अर्धवट जळतं. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू आणि अतिशय बारीक कण निघतात. त्यातले सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असतात. आपला एक केस त्यांच्यापेक्षा पंचवीस-तीस पट जाड असतो. इतके बारीक कण नाकातल्या केसांत अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि तिथून रक्तात उतरतात. म्हणून चुलीचा धूर फक्त डोळे चुरचुरण्यापुरता नाही. त्यातून हृदयविकार, पक्षाघात, मोतीबिंदू, लहान मुलांचा न्यूमोनिया असे आजार संभवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली.

हा धूर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या देशातही मोजला गेला. कर्क स्मिथ या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्र लावून धूर मोजला. पुढे २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जगभरचे अभ्यास एकत्र मांडले. सीओपीडीच्या रुग्णांपैकी पाव ते पंचेचाळीस टक्के लोकांनी आयुष्यात कधीच बिडी-सिगारेट ओढलेली नसते, असं त्यातून दिसलं. म्हणजे आमच्या मावशी एकट्या नाहीत.

इंजिनिअरांनी चूल सुधारली, मग काय झालं?

निर्धूर चूल आपल्या आया-आज्यांना आठवत असेल. १९८० च्या दशकात सरकारने ती देशभर वाटली. तशीच सुधारित चूल ओडिशात देऊन संशोधकांनी चार वर्षं घरांवर लक्ष ठेवलं. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. पुढे धुराडी तुंबली, चुलींना तडे गेले, दुरुस्तीला कोणी आलं नाही आणि बायका जुन्या चुलीकडे वळल्या. चार वर्षांनी तब्येतीत फरक दिसला नाही, जळणही वाचलं नाही. आफ्रिकेतल्या मलावी देशात पंखा बसवलेली चूल दिली आणि पाच वर्षांखालच्या दहा हजारांहून अधिक मुलांची नोंद ठेवली. न्यूमोनिया कमी झाला नाही.

कारण काय? धूर आणि आजार यांचं नातं सरळ नाही. खूप धुराच्या घरात धूर थोडा कमी केला तर आजार फारसा कमी होत नाही. खरा फायदा धूर जवळजवळ संपतो तेव्हाच मिळतो. म्हणून "आता फक्त पाण्यापुरतीच चूल आहे" हे वाक्य आपल्याला वाटतं तेवढं निर्धास्त नाही.

गॅस फुकट दिला तर?

हेही तपासून झालं. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या मिळून ३२०० गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या घरांना शेगडी आणि १८ महिने फुकट गॅस घरपोच दिला. त्या बायकांनी चूल जवळजवळ सोडून दिली. बाईच्या श्वासात जाणाऱ्या बारीक कणांचं प्रमाण चुलीच्या घरांत हवेच्या घनमीटरमागे सुमारे ७० मायक्रोग्रॅम होतं, गॅसच्या घरांत २४ झालं. पण २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा बाळांच्या जन्मवजनात म्हणावा असा फरक नव्हता. पहिल्या वर्षातला न्यूमोनियाही कमी झाला नाही, असं २०२४ मध्ये जाहीर झालं.

मग गॅसचा उपयोग नाही असं समजायचं का? आम्ही हा निकाल तुमच्यापासून लपवला असता तर पाठ सोपा झाला असता. पण ऐकलं म्हणून मानू नका, तपासून बघा, हे कालाम सुत्त आपण विहारात शिकतो. ते संशोधनालाही लागू आहे. हा अभ्यास दीड वर्षाचा आणि बाळांचा होता. तीस-चाळीस वर्षांच्या धुराने फुफ्फुसाचं काय होतं, हे दीड वर्षात दिसणार नाही. बाळाचं वजन आईच्या ताटावर, तिच्या रक्तावर, तिला मिळणाऱ्या विश्रांतीवरही अवलंबून असतं. आणि २४ हा आकडा कमी असला तरी निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ठरवलेली वर्षभराच्या सरासरीची मर्यादा ५ आहे. एका घराने चूल विझवली तरी शेजारची पेटलेली असते, कचरा जळत असतो. आमचा अर्थ असा: गॅस हवाच, पण एका घराच्या गॅसने भागत नाही. सगळ्या गल्लीने धूर सोडावा लागतो.

या अभ्यासाशेजारी दुसरा ठेवून बघा. बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागात २०१८ मध्ये पाहणी झाली. ७६ टक्के घरांत गॅस होता, आणि त्यातल्या ९८ टक्के घरांत चूलही होती. तमिळनाडूतल्या बाईने चूल सोडली, बिहारमधलीने सोडली नाही. पहिलीला सिलिंडर फुकट आणि दारात मिळत होता, दुसरीला विकत घ्यायचा होता. तेव्हा "आमच्या बायकांना सवयच लागली आहे चुलीची" असं म्हणणाऱ्यांना हे दोन आकडे दाखवा.

आपल्या हक्काचं काय?

स्वच्छ हवा हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये, सुभाष कुमार खटल्यात, घटनेच्या कलम २१ चा अर्थ लावताना सांगितलं. तो हक्क घरात आणायला पुढच्या गोष्टी माहीत हव्यात.

१. उज्ज्वला योजनेत (२०१६) जोडणी घरातल्या सज्ञान स्त्रीच्या नावावर मिळते. बाहेरगावाहून कामाला आलेल्या कुटुंबांना २०२१ पासून पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचं घोषणापत्र देता येतं.

२. उज्ज्वलाच्या लाभार्थींना २०२५-२६ साठी ३०० रुपये अनुदान नऊ सिलिंडरपर्यंत मंजूर झालं. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. पैसे खात्यात जमा होतात का, हे पासबुक भरून बघा आणि एजन्सीत विचारा.

३. सिलिंडर दारात वजन करून मागा. आतला गॅस १४.२ किलो हवा.

४. गॅसचा अपघात झाला तर तेल कंपन्यांचा विमा असतो, त्यासाठी ग्राहकाला वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. मृत्यू झाल्यास माणशी सहा लाख रुपयांची तरतूद आहे. एजन्सीला लगेच लेखी कळवा आणि पोलिसांत नोंद करा.

पाण्याची चूल विझवताना

एक धोका घालवताना दुसरा घरात आणू नका. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात बसवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध होऊन जातो. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवली तरी तेच होतं. पाणी तापवायची विजेची कांडी असेल तर आधी बटण बंद करा, पिन काढा, मगच पाण्याला हात लावा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. वास आला तर दारं-खिडक्या उघडा, विजेचं कोणतंही बटण चालू-बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, बाहेर जा आणि १९०६ ला फोन करा. गॅसची नळी पाच वर्षांनी बदला.

आजच चूल सोडणं ज्यांना जमत नाही, त्यांनी ती दारापासून लांब, उघड्यावर मांडा. जळण कोरडं वापरा. पेटवण म्हणून प्लॅस्टिकची पिशवी, टायरचा तुकडा, जुनी चप्पल अजिबात घालू नका. मांडीवर बाळ घेऊन चुलीपुढे बसू नका. डाळ भिजवून कुकरला लावा, पातेल्यावर झाकण ठेवा. तेवढाच गॅस पुरतो.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर आधी टीबीची तपासणी करा. तो नसेल आणि धाप लागत असेल, तर सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात जा आणि आपणहून सांगा, "मी इतकी वर्षं चुलीपुढे बसते." डॉक्टर विचारतील म्हणून थांबू नका. आम्हीही विचारलं नव्हतं.

मावशींची फुफ्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत. धूर बंद केला आणि औषध नीट ओढलं तर आजार सावकाश वाढेल, एवढं आम्ही त्यांना खरं सांगितलं. त्या आता चुलीपुढे बसत नाहीत. पुढच्या भेटीत आम्ही पहाटे गेलो, तर तिथे सून बसलेली होती. आता आमच्या कागदावर पहिला प्रश्न चुलीचा आहे.

या महिन्याचा अभ्यास: रविवारी वंदनेनंतर विहारात आपल्या गल्लीची यादी करा. किती घरांत गॅस आहे? किती घरांत तरीही चूल पेटते, आणि कशासाठी? चुलीपुढे कोण बसतं, किती वर्षांपासून? अनुदान किती जणींच्या खात्यात आलं? यादी झाली की ती घेऊन आपण सगळ्या मिळून गॅस एजन्सीत आणि पुरवठा कार्यालयात जाऊ.