संगणकाला आपली अक्षरे ओळखता यावीत

दुकानाचे बिल, उधारीची वही, कारागिरांच्या मजुरीचा हिशोब हे सर्व आता संगणकावर येते. पण गिऱ्हाइकाचे नाव मराठीत किंवा उर्दूत टाकले की काही प्रोग्रॅम ते नाकारतात. असे का होते, हे आम्ही 'सी' भाषेच्या आधारे थोडक्यात सांगत आहोत.

टाकलेले चिन्ह अक्षर आहे की अंक, हे तपासणारी 'सी'मधील जुनी फंक्शन्स एका वेळी एकच बाइट पाहतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. यूटीएफ-८ पद्धतीत मात्र उर्दूच्या अलिफला २ आणि मराठीच्या 'अ'ला ३ बाइट लागतात. तुकडा पाहून अक्षर कसे ओळखणार? म्हणून १९९५ च्या दुरुस्तीने 'सी'मध्ये वाइड कॅरेक्टरसाठी वेगळी फंक्शन्स आली. 'इसडब्ल्यूअल्फा' अक्षर ओळखते, 'इसडब्ल्यूडिजिट' अंक आणि 'इसडब्ल्यूस्पेस' मोकळी जागा.

ती वापरताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली : प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा 'सी' याच नावाचे लोकेल लागू असते. त्याच्याकडून मराठी-उर्दू अक्षरे ओळखली जातील असा भरवसा नसतो. म्हणून आरंभीच 'सेटलोकेल'ने यंत्रावरील लोकेल घ्यावे. बाइटांचे वाइड कॅरेक्टर करण्याचे काम त्यानंतर.

दुसरी : 'इसडब्ल्यूडिजिट' फक्त इंग्रजी अंक मानते. मराठीत '५००' लिहिले तर ती रक्कम नापास होते. लिनक्सवरील जीएनयू लायब्ररीत तर मराठी अंक अक्षरांत मोजले जातात, म्हणजे नावाच्या रकान्यात '५००' बिनबोभाट खपते! वाइड कॅरेक्टरमध्ये युनिकोड क्रमांक असेल तर उपाय सोपा आहे. चिन्ह '०' ते '९' यांच्या दरम्यान आहे का ते पाहावे आणि त्यातून '०'चा क्रमांक वजा करावा. '५'मधून '०' गेला की ५ उरतात. उर्दू अंकांनाही हीच रीत, फक्त शून्य त्यांचे.

तिसरी : 'मुश्ताक' या नावात संगणकाला ७ चिन्हे दिसतात. मात्रा आणि हलन्त ही वेगळी चिन्हे आहेत. ती अक्षरांत धरायची की नाही, हे लोकेलच्या तक्त्यावर ठरते. प्रत्येक चिन्ह अक्षरच हवे असा नियम घातला, तर खरे नाव हलन्तापाशी अडू शकते. हलन्ताला वेगळी परवानगी द्यावी.

प्रोग्रॅम करून घेणाऱ्या बांधवांना आमची सूचना एवढीच : पैसे चुकते करण्यापूर्वी एक जोडाक्षराचे नाव, एक उर्दू नाव आणि मराठी अंकांतली एक रक्कम समोर टाकून पाहावी. तिन्ही बरोबर उतरली तरच माल पसंत करावा.