जामीनदाराची सही : साक्ष नव्हे, कर्जाची जबाबदारी

पेणमध्ये गणेशमूर्तींच्या हंगामाआधी माल भरायचा असो की रोह्याजवळ धाटावला छोटे वर्कशॉप टाकायचे असो, पतसंस्था जामीनदार मागते. मग ओळखीचा माणूस "फक्त एक सही" म्हणत दुकानात येतो आणि भिडेखातर सही होते. कायदा मात्र भीड पाहत नाही.

भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जितकी जबाबदारी कर्जदाराची तितकीच जामीनदाराची. म्हणजे मुद्दल, व्याज, खर्च, सर्व काही. "आधी त्याची मालमत्ता विका, मग आमच्याकडे या" हा बचाव चालत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात खालच्या न्यायालयाने तशी अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली ती रद्द केली, कारण तसे झाल्यास जामिनाला अर्थच उरत नाही. शिवाय सहकारी संस्थांना १९६० च्या राज्य अधिनियमाच्या कलम १०१ खाली दिवाणी दावा न करताही वसुली दाखला मिळतो.

रिझर्व्ह बँकेने २०१० साली पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांचे हाल सर्वांनी पाहिले. पण बँक अडचणीत आली म्हणून जामीनदार सुटत नाही. अवसायक नेमला गेला तरी येणे वसूल करणे हे त्याचे कामच असते.

तेव्हा व्यापारी व कारागीर बांधवांनी एवढे जरूर करावे :

१) कोऱ्या कागदावर सही करू नये. हमीपत्राची प्रत घ्यावी.
२) जबाबदारीची कमाल रक्कम लिहून घ्यावी.
३) कॅश क्रेडिटसारख्या चालू खात्याची हमी पुढील व्यवहारांपुरती नोटीस देऊन थांबवता येते (कलम १३०). मागची बाकी राहतेच.
४) संमतीशिवाय अटी बदलल्यास त्यानंतरच्या व्यवहारातून जामीनदार मुक्त होतो (कलम १३३). मात्र छापील नमुन्यात ही संमती बहुधा आधीच घेतलेली असते, ती वाचावी.
५) पैसे भरावे लागल्यास पावती जपावी. भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा व तारणावर धनकोचा हक्क बजावण्याचा अधिकार आपल्याला मिळतो (कलमे १४०, १४१, १४५).

शरीअतमध्येही कफालत ही पोकळ जबान नाही. जो जामीन राहिला तो देणेकरी, अशीच हदीसची शिकवण आहे, आणि सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. व्याजी कर्जाला जामीन राहण्याचा प्रश्न तर त्याहून गंभीर, तो आलिमांना विचारूनच सोडवावा.

भावाला मदत करणे हे सवाबाचे काम आहे. पण जेवढी रक्कम आपल्या घरादाराला धक्का न लावता फेडता येईल, तेवढ्याच रकमेला जामीन राहावे, असे आम्ही सुचवतो.