आधी तोल, मग पायडल

चाळिशी उलटली म्हणून सायकल येणार नाही, हे डोक्यातून काढून टाक पोरी. लहान मुलांपेक्षा तुला जड जाणार ती पडायची भीती. तेव्हा भीतीला वावच राहणार नाही अशा रीतीने शिकायचं.

पहिल्यांदा दोन्ही पायडल काढून ठेव. सायकलवाल्याकडे पंधराचा पाना असतो. घरी काढणार असशील तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. सीट इतकी खाली घे की बसल्यावर दोन्ही तळवे टेकतील. मग मैदानात पायांनी रेटत चाल, हळूहळू ढांगा वाढव, आणि हलका उतार बघून दोन्ही पाय उचल.

कॅरिअर धरून कुणाला मागे पळायला लावू नकोस. सायकल तो सावरणार, मग तुझ्या हातांना कळणार काय? तोल हँडलवर असतो. डावीकडे कललीस तर हँडल जरासं डावीकडेच वळव, चाकं तुझ्याखाली येतात. नवशिक्याचा हात नेमका उलट दिशेला ओढतो आणि सायकल आडवी होते. हे अंगात मुरेपर्यंत पायडल लावायचंच नाही, बघणारे काहीही म्हणोत. फार हळूही चालवू नकोस, वेग कमी तितकं डगमगणं जास्त. नजर चाकावर नको, लांब वाटेवर ठेव. खड्ड्याकडे बघत राहिलीस तर खड्ड्यातच जाशील.

आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, तरी तू आधी तपासून घे. उतारावर तो एकटाच करकचून दाबायचा नाही. दोन्ही एकदम, बेताबेताने दाब. ओढणी घट्ट खोचलेली हवी.

मान वळवून मागे बघताना सायकल सरळ राहायला लागली की रस्त्यावर ये, तेही रविवारी सकाळी. लक्ष्मी रोडसारख्या गर्दीच्या रस्त्याची घाई इतक्यात नको. कडेला चिकटून चालव असं सगळे सांगतील, पण उभ्या गाड्यांपासून दोन हात तरी लांब राहा. दार कधी उघडेल सांगता येत नाही. पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि ड्रेनेजची झाकणं निसरडी होतात, त्यांच्यावर वळायचं नाही की ब्रेक दाबायचा नाही.

आणि हात बसला की सीट वर घ्यायला विसरू नकोस. पुष्कळ जणी ती खालीच ठेवतात आणि गुडघे दुखले की वयाला बोल लावतात. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवून बघ, पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा बेताचाच वाकतो.