नभोवाणीचा मनोरा किती उंच असावा?

धान कापून कडपा बांधीत पडल्या आहेत, आणि रात्री नभोवाणीवर पावसाची सूचना सांगितली जात असता नेमका त्याच क्षणी आवाज बुडाला, तर शेतकऱ्याची काय अवस्था होईल? नागपूरचे केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले. दिघोरी तेथून पूर्वेस, भंडाऱ्याच्याही पलीकडे. इतक्या अंतरावर मध्यम लहरींचा आवाज दिवसा सारखा राहतो व रात्री कमीजास्त होऊ लागतो. आपण दोष घरच्या यंत्रास देतो; परंतु त्याचे मूळ पुष्कळदा प्रक्षेपणाच्या मनोऱ्यात असते.

मनोरा म्हणजे नुसता खांब, असा सर्वसाधारण समज आहे. एफ्. एम्. प्रक्षेपणात तो बराचसा खराही आहे. तेथे मनोऱ्याचे काम आकाशिका उंच धरणे एवढेच. मध्यम लहरींच्या बाबतीत मात्र सबंध लोखंडी मनोराच आकाशिका असतो. तो चिनी मातीच्या विद्युत्‌रोधक बैठकीवर उभा करतात, व त्याचे ताणही तसल्याच रोधकांनी तुकडे पाडून बांधतात. (जमिनीवर उभे राहून चालू मनोऱ्यास हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ होय!)

आता उंचीचा हिशेब पाहू. नागपूर केंद्राचे प्रक्षेपण ५८५ किलोहर्ट्झवर होऊ लागले. लहर सेकंदास सुमारे ३,००,००० किलोमीटर धावते. म्हणून एका लहरीची लांबी सुमारे ५१३ मीटर होते. तिचा चतुर्थांश १२८ मीटर, अर्ध २५६ मीटर. चतुर्थांश उंचीच्या मनोऱ्यातून शक्तीचा बराच भाग वर आकाशाकडे जातो. दिवसा वातावरणाचा एक थर तो शोषून घेतो. रात्री तो थर विरतो, आणि त्याहून उंच असलेल्या थरावरून लहर परत फिरते. भूमीवरून आलेली लहर व ही आकाशातून उतरलेली लहर जेथे सारख्याच बळाने भेटतात, तेथे कधी शिखरास शिखर मिळून आवाज वाढतो, तर कधी शिखरास दरी मिळून तो नाहीसा होतो.

मनोरा अर्ध्या लहरीच्या थोडा वर नेला, की शक्ती भूमीलगत अधिक पसरते व बुडीचा पट्टा दूर सरकतो. मग आणखी उंच का करू नये? याचे उत्तर अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मिळाले. तेथील डब्ल्यू. एस. एम्. केंद्राने १९३२ मध्ये ८७८ फुटांचा मनोरा उभारला. इतक्या उंचीवर शक्तीचा एक झोत पुन्हा वर निघतो. त्यामुळे दूरच्या श्रोत्यांस आवाज बुडू लागला, आणि १९३९ मध्ये मनोरा कापून ८०८ फूट करावा लागला! त्याचा आकार मध्ये रुंद व दोन्ही टोकांस निमुळता, शंकरपाळ्यासारखा होता. दिसण्यास सुंदर खरा. पण त्याने विद्युत्प्रवाहाची वाटणी बिघडते, हे पुढे ध्यानी आले. आज खालपासून वरपर्यंत एकसारख्या रुंदीचे मनोरे अधिक पसंत केले जातात.

जे दिसत नाही तेही तितकेच महत्त्वाचे आहे. मनोऱ्याच्या पायथ्यापासून सूर्यकिरणांप्रमाणे चोहीकडे तांब्याच्या तारा पुरतात. १९३७ मध्ये ब्राऊन, लुईस व एपस्टाइन यांनी प्रयोगांनी दाखविले की, अशा सुमारे १२० लांब तारा असल्या म्हणजे जमिनीत वाया जाणारी शक्ती फारच थोडी उरते. त्या तारांपुढचा प्रवास मात्र जमिनीच्या स्वभावावर अवलंबून : कोरडा खडकाळ माळ लहर गिळतो, ओलसर जमीन तिला दूर जाऊ देते, आणि वैनगंगेच्या खोऱ्यात भाताच्या बांध्यांना तोटा नाही.