वाड्यामागच्या झोपड्या

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कापूस, ऊस, तंबाखू यांचे मोठमोठे मळे होते. त्यांना 'प्लांटेशन' म्हणतात. मालक प्रशस्त वाड्यात राहत. शेतात राबत ते आफ्रिकी वंशाचे गुलाम. त्यांची खरेदी-विक्री होई, आई-मुलांची ताटातूट होई. १८६५ मध्ये राज्यघटनेच्या १३व्या दुरुस्तीने ही प्रथा बंद झाली.

पुढे यांतील अनेक वाडे पर्यटकांसाठी खुले झाले. परंतु तेथे बहुधा झुंबरे, पलंग आणि बागा यांचेच कौतुक चाले. राबणाऱ्यांचा उल्लेख ओझरता असे. लुइझियाना राज्यात व्हिटनी नावाच्या उसाच्या मळ्यावर २०१४ मध्ये संग्रहालय सुरू झाले. तेथे मात्र गुलामांचेच जीवन समजावून सांगतात. त्यांच्या झोपड्या दाखवतात. पूर्वी मालमत्तेच्या यादीत माणसांची नावे किमतीसह लिहीत. अशा जुन्या कागदपत्रांतून शोधलेली ३५० हून अधिक नावे आज तेथील स्मारकाच्या भिंतीवर कोरलेली आहेत. कित्येकांचे आडनावही ठाऊक नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. आपल्या शूद्र बांधवांची सुटका करताना देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही त्यांची आशा होती.

सहलीत एखादा राजवाडा किंवा किल्ला पाहाल, तेव्हा गुरुजींना दोन प्रश्न अवश्य विचारा: हा कोणाच्या श्रमांतून उभा राहिला? त्यांची नावे कोठे लिहिली आहेत?